हातात धरायच्या कन्सोलवरील खेळांचे परीक्षण कुठे बसून करावे?

चेंदणीकर (धागाकर्ता)

गेली १६ वर्षे मी नोकरीसाठी ठाण्याहून तुर्भ्याला लोकलने जातो आणि त्यातली बहुतेक वर्षे माझ्या बॅगेत डब्याशेजारी एखादा हातात धरायचा कन्सोल असतो. आधी सोनीचा पीएसपी होता, मग एका सहकाऱ्याकडून घेतलेला, दोन स्क्रीनचा आणि वहीसारखा मिटणारा निन्टेन्डो डीएस लाइट आला, आणि अलीकडे पुन्हा तोच जुना पीएसपी बाहेर काढला आहे. या काळात या खेळांची परीक्षणे भरपूर वाचली आणि हळूहळू एक गोष्ट खटकू लागली. परीक्षण लिहिणारा माणूस घरी बसलेला असतो. त्याच्या डोक्यावर दिवा असतो, शेजारी चार्जर असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला पुढच्या स्टेशनवर उतरायचे नसते. त्यामुळे तो ग्राफिक्सबद्दल, कथेबद्दल, लेव्हलच्या संख्येबद्दल भरभरून लिहितो. पण तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर कसेबसे टेकून, आपला कोपर शेजाऱ्याच्या बरगडीला लागणार नाही याची काळजी घेत खेळणाऱ्याला तोच खेळ कसा वाटेल, याबद्दल त्याच्या लेखात एक ओळही नसते. वास्तविक हे यंत्र मुळात घडवले गेले आहे ते त्या चौथ्या सीटसाठी.

म्हणून मी माझे तीन जुने खेळ गाडीतच पुन्हा खेळून पाहिले आणि घरी एकही बटण दाबायचे नाही असा नियम ठेवला. ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावरून सुटलेली गाडी तुर्भ्याला पोहोचेपर्यंत जेमतेम २५ मिनिटे मिळतात, आणि त्यातली पहिली पाच जागा मिळवण्यात जातात.

पहिला खेळ ‘पाटापॉन’, २००७ सालचा. काळ्या सावल्यांसारखी, फक्त एक डोळा असलेली चिमुकली सेना आणि तिला हुकूम द्यायला तुमच्या हातात ढोल. चौकोनाचे बटण म्हणजे ‘पाटा’, गोलाचे म्हणजे ‘पॉन’. पाटा-पाटा-पाटा-पॉन वाजवले की सेना चालू लागते, पॉन-पॉन-पाटा-पॉन वाजवले की हल्ला करते. चार ठोके तुमचे, पुढचे चार ठोके सेनेच्या उत्तराचे, आणि त्या चार ठोक्यांत तुम्ही हात आवरून थांबायचे. ज्यांनी गणपतीच्या आधी ढोलपथकाच्या सरावाला हजेरी लावली आहे त्यांना हे थांबणेच सर्वांत अवघड असते हे सांगायला नको. ताल न चुकता हुकूम देत राहिले की सेनेला चेव चढतो, आणि एक ठोका चुकला की सगळा चेव उतरतो.

आता हा तालाचा खेळ, म्हणजे गाडीच्या गोंगाटात तो मुळीच खेळता येणार नाही असे मी धरून चाललो होतो. हेडफोन मी मुद्दाम लावला नव्हता. पण स्क्रीनच्या चारही कडा प्रत्येक ठोक्याला उजळतात, हे घरी खेळताना इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांत कधी भरलेच नव्हते. ऐरोलीनंतर मी कान सोडून दिले आणि केवळ त्या चौकटीकडे पाहत वाजवू लागलो. रबाळ्यापर्यंत सेनेला चेव चढला होता. ज्याने ही चौकट काढली त्याच्या मनात गर्दीतला खेळाडू होता, असे मी समजतो. याच खेळाचा मोठा दोष म्हणजे जुन्याच शिकारी पुन्हा पुन्हा करून सामग्री गोळा करावी लागते. बऱ्याच परीक्षकांनी यावर टीका केली आहे आणि सलग खेळणाऱ्याच्या दृष्टीने ती रास्त आहे. मला मात्र गाडीत तो दोष फारसा जाणवला नाही, कारण एक शिकार म्हणजे दोन स्टेशने, आणि रोज तेच स्टेशन पाहणाऱ्या माणसाला रोज तीच शिकार करण्याचे काय विशेष?

दुसरा खेळ ‘मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइट’. जपानमध्ये तो २००८ साली आला. येथे प्रत्येक मोहिमेला ५० मिनिटांची मुदत असते, म्हणजे ठाणे–तुर्भे प्रवासाच्या बरोबर दुप्पट. पीएसपीचे बाजूचे बटण सरकवून यंत्र झोपवता येते, त्यामुळे मोहीम अर्धवट सोडावी लागत नाही हे खरे. पण नऊ तासांनी परतीच्या गाडीत यंत्र उघडावे तर समोर शेपटी फिरवणारे श्वापद, आणि आपण कुठल्या बाजूला पळत होतो ते आठवेपर्यंत आपण जमिनीवर. त्याहून मोठी तक्रार हातांची आहे. पीएसपीला चालण्यासाठी डावीकडे एकच लहानशी सरकती घुंडी आहे आणि कॅमेरा फिरवायचा तो तिच्याच वरच्या चार दिशांच्या बटणांनी. दोन्ही एकदम करायचे तर डावा अंगठा घुंडीवर ठेवून तर्जनी आकड्यासारखी वाकवून बटणांवर आणावी लागते. जगभरचे खेळाडू या पकडीला ‘पंजा’ म्हणतात. माझी तर्जनी घणसोलीला अवघडते आणि कोपरखैरण्याला दुखू लागते. शिवाय प्रदेशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना दर वेळी लोडिंग होते. मेमरी कार्डवर माहिती उतरवून ठेवण्याची सोय दिली आहे, तिने तो वेळ कमी होतो, संपत नाही.

तिसऱ्या खेळावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे. ‘झेल्डा: फँटम अवरग्लास’, २००७, डीएससाठी. यात नायकाला चालवण्यापासून तलवार फिरवण्यापर्यंत सर्व काही खालच्या स्क्रीनवर लेखणीने करायचे असते. गाडी सांधे बदलते तेव्हा बसणाऱ्या हिसक्याने माझा नायक तीन वेळा कड्यावरून खाली गेला, हा हिशोब कोणत्याही परीक्षणात सापडणार नाही. एका ठिकाणी तर माइकमध्ये जितक्या जोरात ओरडाल तितकी वस्तूची किंमत उतरते. जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात शोभेल अशी ही घासाघीस भरल्या डब्यात करता येत नाही. मी पूर्ण किंमत मोजली.

आणि तरीही या तिघांत खरा हातातल्या कन्सोलचा खेळ हाच आहे, असे माझे मत झाले. त्यात एक कोडे आहे. वरच्या स्क्रीनवर एक पवित्र चिन्ह दिसते, खालच्या स्क्रीनवर समुद्राचा नकाशा असतो, आणि ते चिन्ह नकाशावर ‘दाबून’ उमटवा असे सांगितले जाते. मी लेखणीने दाबले, घासले, गिरवले, फुंकर मारली. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी तुर्भे आले म्हणून वैतागून डीएस मिटला आणि खिशात टाकला. संध्याकाळी उघडून पाहतो तो चिन्ह नकाशावर उमटलेले! वरची स्क्रीन खालच्या स्क्रीनवर मिटणे, हेच ते दाबणे. जी हालचाल मी रोज स्टेशन आले की नकळत करत होतो तीच कोड्याचे उत्तर होती. असे कोडे टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर सुचणेच शक्य नाही. एकाच मंदिरात पुन्हा पुन्हा जावे लागते हा या खेळावरचा प्रसिद्ध आक्षेप मलाही मान्य आहे आणि त्या मंदिरात वाळूच्या घड्याळाची घाई असल्याने गाडीत तो अधिकच जाचतो. पण त्या एका मिटण्यासाठी मी बरेच काही माफ करायला तयार आहे.

तुमची मते वाचायला आवडतील. विशेषतः गाडीत खेळल्यावर एखाद्या खेळाबद्दलचे मत बदलले असेल तर ते अवश्य लिहावे.

ऐरोलीचा खाडीकाठ

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही. लोकलची चौथी सीट ही जर कसोटी मानली तर त्या कसोटीला एकाच प्रकारचे खेळ उतरतील: तीन मिनिटांत संपणारे, आवाज न लागणारे, एका अंगठ्याने खेळता येणारे. असे खेळ आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची काय योग्यता आहे ते आपण जाणतोच. ‘मेटल गिअर सॉलिड: पीस वॉकर’सारखा २०१० सालचा पीएसपीवरचा सैनिकी खेळ, ज्यात ऐकण्यासारखे संवाद आणि सावकाश वाचण्यासारखा मजकूर आहे, तो घणसोलीच्या गर्दीत कंटाळवाणा वाटला तर दोष खेळाचा की घणसोलीचा?

दुसरे असे की आपल्याकडे हे कन्सोल गाडीतच खेळले जात होते हे गृहीतच मला शंकास्पद वाटते. माझ्या ओळखीतल्या पीएसपी बाळगणाऱ्या मुलांपैकी ते लोकलमध्ये बाहेर काढण्याची हिंमत फार थोड्यांना होती. वस्तू महाग होती आणि पाकीटमार स्वस्त होते. आम्ही ते खेळलो अंथरुणात पडून, आणि मे महिन्यात गावी भारनियमन सुरू झाले की ओसरीवर. घरात एकच टीव्ही आणि त्यावर आजीची मालिका, ही आमच्या पीएसपीची खरी परिस्थिती होती. त्या परिस्थितीत ५० मिनिटांची मोहीम हा दोष ठरत नाही, उलट संपूर्ण दुपार निघावी म्हणून ते वरदान होते. ‘मॉन्स्टर हंटर’ तर जवळ बसलेल्या चौघांनी बिनतारी जोडणीने एकत्र खेळायचा खेळ आहे. तुम्ही एकट्याने, २५ मिनिटांच्या तुकड्यांत, पंजा आवळून त्याचे परीक्षण केले आहे. भजनाचे परीक्षण एकट्याने गुणगुणून करावे तसे हे झाले.

पारसिक

मी कल्याणहून ठाण्याला येतो, आणि जलद लोकल त्यातून जात होत्या तोवर, म्हणजे २०२२ पर्यंत, माझ्या वाट्याला पारसिकचा बोगदा होता. त्यावरून एक जुनी आठवण लिहितो, जी धागाकर्त्यांच्या बाजूने जाईल असे वाटते.

२००१ साली आलेल्या मूळ गेमबॉय अॅडव्हान्सच्या स्क्रीनला स्वतःचा दिवाच नव्हता. २४० बाय १६० ठिपक्यांची ती स्क्रीन बाहेरच्या उजेडावर दिसायची. माझ्याकडे तो मावसभावाने परदेशातून आणला होता आणि सोबत ‘कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून’ हा खेळ होता. किल्ला काळा, राक्षस करडे, नायकाचा कोट तपकिरी. खिडकीची जागा मिळाली आणि गाडीचे तोंड योग्य दिशेला असले तरच मला नायकाचा चाबूक दिसायचा. जलद गाडीने दिवा स्टेशन मागे टाकले की मी मनात मोजू लागायचो, कारण बोगदा आला की स्क्रीन संपूर्ण काळी व्हायची आणि पुढचा मिनिटभर मी केवळ आवाजावर उड्या मारायचो. बाहेर पडेपर्यंत मी बहुधा मेलेला असायचो. सेव्ह करण्याची खोली तीन दालने मागे राहिलेली असायची, आणि यंत्र झोपवण्याची सोय त्या कन्सोलमध्येच अशी नव्हती. काही खेळांनी ती आपापली दिली होती.

पण मला सांगायचे ते पुढचे. त्या खेळाच्या परीक्षणांत, रचनेची स्तुती करता करता, तो फार काळोखा आहे ही तक्रार सर्वत्र आली. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्याच मालिकेतला ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’ आला तेव्हा रंग भडक झाले होते आणि नायकाच्या अंगाभोवती चक्क निळी कड काढली होती. दिसायला ती विचित्रच दिसते. आज उजळ स्क्रीनवर तो खेळ पाहणाऱ्या तरुणांना ती कड का आहे हेच कळत नाही. २००३ मध्ये दिवा असलेले, मिटणारे गेमबॉय अॅडव्हान्स एसपी आले आणि प्रश्नच मिटला. तेव्हा ऐरोलीकर, परिस्थिती ही खेळाच्या बाहेरची गोष्ट आहे असे म्हणणे मला कठीण जाते. ती निळी कड म्हणजे परिस्थिती खेळात शिरल्याचा पुरावाच आहे.

नौपाड्याची आई

मी स्वतः फारशी खेळत नाही, पण घरात दोन मुलगे आणि एक जुना डीएस लाइट असल्यामुळे परीक्षणे वाचून खरेदी करणे हे काम माझ्याकडे आहे. तुमच्या यादीत मला आणखी एक बाब हवी आहे, जी लोकलमधली नाही, जेवणाच्या टेबलावरची आहे.

डीएसच्या खालच्या खाचेत गेमबॉय अॅडव्हान्सची कार्ट्रिज बसते, म्हणून आम्ही ‘पोकेमॉन रूबी’ घेतला. या खेळात लढाई चालू नसेल तेव्हा कुठेही सेव्ह करता येते, हे सर्व परीक्षणांत वाचले होते आणि ‘जेवायला या’ या हाकेच्या दृष्टीने ते मला फार सोयीचे वाटले. परंतु त्यात सेव्ह फक्त एकच ठेवता येते हे मला कोणीही सांगितले नव्हते. मोठ्याने दोन महिने खपून जमवलेला संग्रह होता. धाकटा सहा वर्षांचा. त्याने नवा खेळ सुरू केला, गंमत म्हणून सेव्ह दाबले, आधीची नोंद पुसली जाईल असा इंग्रजी इशारा आला, त्याला वाचता आला नाही आणि त्याने ‘येस’ केले. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी जेवले नाही.

परीक्षक बहुधा एकटे राहत असावेत किंवा त्यांना प्रत्येक खेळाची प्रत फुकट मिळत असावी. ज्या घरात एक यंत्र, एक कार्ट्रिज आणि दोन मुले असतात, तिथे एक सेव्ह की तीन सेव्ह हा ग्राफिक्सपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न आहे. ‘फँटम अवरग्लास’मध्ये दोन नोंदी ठेवता येतात हे कळल्यावर मी तो खेळ बाकी काहीही न वाचता घेतला.

कोपरीकर

गुणांचा विषय कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटले, म्हणून मी काढतो. जपानच्या ‘फामित्सु’ या साप्ताहिकाची पद्धत जुन्या वाचकांना ठाऊक असेल: चार परीक्षक, प्रत्येकाचे १० पैकी गुण, एकूण ४०. पैकीच्या पैकी मिळवणारा पहिला खेळ १९९८ चा ‘झेल्डा: ऑकरीना ऑफ टाइम’, तो टीव्हीवरच्या कन्सोलचा. पण नंतर हातातल्या कन्सोलवरच्या खेळांनाही ४० मिळाले, आणि त्यात डीएसवरचा ‘निन्टेन्डॉग्ज’ होता, ज्यात तुम्ही एक कुत्र्याचे पिल्लू पाळता. ऐरोलीकरांचा ‘पीस वॉकर’ही त्याच मानाच्या पंक्तीत आहे. एक पिल्लू आणि एक सैन्य, दोघांना ४०. या दोन आकड्यांवरून कोणता खेळ कुणी कुठे खेळावा याचा काय बोध होतो ते कृपया मला कोणीतरी समजावून द्यावे.

आकड्याच्या उलट टोकाला तो २०१४ चा किस्सा आहे. डीएसनंतरच्या थ्रीडीएस या कन्सोलवरच्या ‘पोकेमॉन अल्फा सफायर’ आणि ‘ओमेगा रूबी’ यांना एका मोठ्या संकेतस्थळाने ७.८ गुण दिले आणि उणिवांच्या यादीत ‘फार पाणी’ असे लिहिले. जगभर त्याची टिंगल झाली, अजून होते. आता नौपाड्याच्या बाईंच्या घरी जो ‘रूबी’ आहे त्याचीच ही नवी आवृत्ती, आणि ज्याने तो खेळला आहे त्याला माहीत आहे की नकाशाचा पूर्वेकडचा भाग खरोखरच समुद्र आहे. पोहत राहा, तेच दोन-तीन प्रकारचे जीव पुन्हा पुन्हा आडवे येत राहतात, मग बुडी मारा, तिथेही तेच. तक्रार अगदी रास्त होती. तिची मांडणी दोन शब्दांत केली आणि शेजारी दशांश चिन्हासह आकडा ठेवला, म्हणून ती विनोद ठरली. धागाकर्त्यांनी ‘माझी तर्जनी घणसोलीला अवघडते’ असे लिहिले आहे. त्याऐवजी ‘नियंत्रण: ६.५’ असे लिहिले असते तर ते माझ्या लक्षातही राहिले नसते.

महापे रात्रपाळी

माझी कामाची वेळ उलटी असल्यामुळे मला गाडीत बसायला जागा मिळते, परंतु डोळ्यांना चाळिशी लागली आहे. जुन्या यंत्रांवर सगळे लिहीत आहेत म्हणून नव्यांबद्दल लिहितो.

निन्टेन्डो स्विच २०१७ साली आला तेव्हापासून ‘टीव्हीवरचाच खेळ हातातही’ ही गोष्ट सर्वांना भुरळ घालते आहे. ‘विचर ३’ हा अवाढव्य खेळ २०१९ मध्ये त्या यंत्रावर बसवला गेला आणि परीक्षकांनी तो तिथे चालतो याचेच कौतुक केले. कौतुकास्पद आहेच. मी तो ६.२ इंचांच्या स्क्रीनवर उघडला आणि सामानाच्या यादीतला मजकूर वाचण्यासाठी यंत्र नाकापर्यंत आणावे लागले. समोर बसलेल्या गृहस्थांना मी त्याचा वास घेतो आहे असे वाटले असावे. ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’मध्येही हाच जाच, आणि तो तर निम्मा वाचायचाच खेळ आहे.

या बाबतीत २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकने, म्हणजे स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या हातातल्या यंत्राने, एक चांगला पायंडा पाडला. तिथे प्रत्येक खेळ त्या यंत्रावर तपासून त्याला दर्जा देतात आणि त्या तपासणीत अक्षरांच्या आकाराची अट आहे: १२८० बाय ८०० च्या स्क्रीनवर कोणतेही अक्षर ९ पिक्सेलपेक्षा कमी उंचीचे नसावे. म्हणजे जे काम परीक्षकांनी करायला हवे होते ते दुकानदाराने केले. अर्थात ९ पिक्सेल ही किमान अट आहे आणि ती ज्याने ठरवली त्याला चाळिशी लागलेली नसावी.

जाता जाता बॅटरीबद्दल. १९८९ चा गेमबॉय चार करड्या-हिरवट छटांचा, दिवा नसलेला, चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून अधिक चालणारा. त्याच वर्षीचा अटारी लिंक्स रंगीत, दिव्याचा, सहा सेल पाच-एक तासांत संपवणारा. कोण टिकले ते सर्वांना माहीत आहे. गेमबॉयचे रचनाकार गुनपेई योकोई यांचा आग्रहच होता की जुने, स्वस्त, मुरलेले तंत्र घ्यावे आणि ते नव्या पद्धतीने वापरावे. आजच्या परीक्षणांत बॅटरीला यंत्राच्या लेखात एक परिच्छेद मिळतो, खेळाच्या लेखात काहीच मिळत नाही. वास्तविक त्याच यंत्रावर एक खेळ दीड तास चालतो आणि दुसरा सहा तास.

चेंदणीकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. बॅटरीचा मुद्दा माझ्याकडून सुटला याचे कारण लाजिरवाणे आहे. मूळ बॅटरी गेल्यावर स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी ‘अगदी ओरिजिनल’ म्हणून दुसरी घेतली. चार महिन्यांत ती इतकी फुगली की पीएसपीचे मागचे झाकण बसेना. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली आणि ‘तुम्ही फार खेळता’ असे निदान केले. तिसरी बॅटरी येईपर्यंत मी केवळ डीएसवर होतो, आणि ‘फँटम अवरग्लास’ला मी इतका वेळ दिला त्यात या फुगीचा वाटा आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

ऐरोलीकर, भजनाची उपमा लागली. ‘मॉन्स्टर हंटर’बद्दलचे माझे मत एकट्याच्या खेळापुरते मर्यादित आहे असे मूळ लेखात लिहायला हवे होते आणि तसे मी येथे लिहितो. परंतु पंजाबद्दलचे शब्द मी मागे घेत नाही. चौघे जमले म्हणून तर्जनी कमी वाकत नाही. आणि ओसरीची गोष्ट तुम्ही लिहिलीत ती माझ्या विरोधात नसून माझ्याच बाजूची आहे. तुम्हीही शेवटी खेळ कुठे खेळला गेला यावरूनच त्याला बरा म्हणत आहात. तुमची जागा ओसरी आहे, माझी चौथी सीट.

नौपाड्याच्या बाई, सेव्ह किती ठेवता येतात हे यापुढे मी प्रत्येक परीक्षणात पहिल्या परिच्छेदात लिहीन. मोठ्या चिरंजीवांनी संग्रह पुन्हा जमवला का?

नौपाड्याची आई

जमवला. आता कार्ट्रिज त्याच्या दप्तरात असते आणि डीएस कपाटात, त्यामुळे दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याशिवाय खेळता येत नाही.

ऐरोलीचा खाडीकाठ

वादाला प्रयोगाची जोड असावी म्हणून या आठवड्यात मी भाच्याचा पीएसपी मागून घेतला आणि ऐरोलीहून सानपाड्याला जाताना ‘फ्रीडम युनाइट’ सुरू केला. पाकीटमार भेटला नाही. उलट दोन कॉलेजच्या मुलांनी हे कोणते यंत्र आहे असे विचारले, तेव्हा वयाची जाणीव झाली.

सुरुवातीचेच श्वापद घेतले, यान कुट-कू, मोठ्या कानांचा तो गुलाबी पक्षी. पंजा मला जमला नाही. मी कॅमेऱ्याचा नाद सोडून यंत्राच्या वरच्या कडेचे डावे बटण दाबत राहिलो, त्याने दृष्टी समोर येते, आणि तेवढ्यावर भागले. कोपरखैरण्याला पक्षी लंगडू लागला. या खेळात श्वापद फार जखमी झाले की लंगडत आपल्या ठिकाणी जाते आणि झोपते. मी दोन लोडिंग ओलांडून त्याच्या घरट्यापाशी पोहोचलो तेव्हा गाडी तुर्भे सोडत होती आणि तो खरोखरच मान खाली घालून झोपला होता. पुढचे स्टेशन माझे. मी बटण सरकवून पीएसपीही झोपवला आणि उतरलो.

दिवसभर तो झोपलेला पक्षी माझ्या बॅगेत होता आणि बैठकीत बसल्या बसल्या मी उठल्यावर पहिला घाव कुठे घालायचा ते ठरवत होतो. संध्याकाळी सानपाड्याच्या फलाटावर यंत्र उघडले. मुदत अजून शिल्लक होती आणि तो अजून घोरत होता.